काळ्या पेटीतलं पत्र

गडहिंग्लज तालुक्यातल्या एका वहिनींचं पत्र आलंय. नाव-गाव छापू नका म्हणाल्यात, त्यामुळं छापत नाही. पत्र चार पानी आहे, कामापुरतं देतो:

"आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीतून फेब्रुवारी २०१९ मध्ये हवालदार म्हणून पेन्शनवर आले. २४ वर्षं सर्व्हिस. आता गोकुळ शिरगावात एका कारखान्यावर रात्रपाळीला गार्ड आहेत. बीपीची गोळी रोज, कमरेला पट्टा रोज. यंदा दसऱ्याआधी घर रंगवायला काढलं, तेव्हा त्यांच्या काळ्या पेटीत एक इंग्रजी पत्र सापडलं. मुलीनं वाचून सांगितलं, बीपीचे ३० टक्के आणि कमरेचे २० टक्के, मिळून ४० टक्के अपंगत्व धरलंय. पण ते नोकरीमुळं झालेलं नाही म्हणून अपंगत्वाची पेन्शन नामंजूर. सहा महिन्यांत अपील करा, असंही त्यात आहे. सहा वर्षं होऊन गेली, यांनी घरात चकार शब्द काढला नाही. विचारलं तर म्हणाले, 'भीक मागायला फौजेत गेलो नव्हतो. पेटी लाव.' कमरेचं दुखणं काश्मीरमध्ये गस्तीवर पडल्यापासूनचं आहे. तेव्हा पंधरा दिवस फोन नव्हता, मी विसरणार नाही. गावातला एकजण म्हणतोय, कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यातनं ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट काढा, पुढचं मी बघतो, थकबाकीतले निम्मे माझे. ही पेन्शन घेतली तर गार्डची नोकरी जाईल का? आणि यांना न सांगता मीच अर्ज केला तर चालेल का?"

वहिनी, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: चालणार नाही. दावा पेन्शनरचा, सही पेन्शनरची. तुम्ही त्यांची सही हुबेहूब करत असाल, रेशनच्या फॉर्मवर एखादवेळी केलीही असेल. इथं नको. पुढं वकीलपत्रावर, प्रतिज्ञापत्रावर त्यांनाच बसून सही करावी लागेल, आणि तिथं पहिल्या कागदावरची सही वेगळी निघाली तर चांगली केस हातानं घालवल्यासारखं होईल. कागद गोळा करणं, तारखा लिहून काढणं, झेरॉक्स, पोस्ट हे सगळं मात्र तुम्ही करू शकता. खरं काम तेच आहे.

गावातल्या त्या माणसाला चहा पाजा आणि वाटेला लावा. निम्मे पैसे मागतो म्हणून तर लावाच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे त्याला हे प्रकरणच कळलेलं नाही. सीपीआरचा बोर्ड जे सर्टिफिकेट देतो ते २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं. त्यावर ४० टक्के असले की यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आणि दिव्यांगांच्या सरकारी योजना यांचा रस्ता उघडतो. लष्कराच्या पेन्शनला ते कागद लागू होत नाहीत. तिथले टक्के लष्कराचाच मेडिकल बोर्ड ठरवतो, आणि तुमच्या मिस्टरांचे ते २०१९ सालीच ठरलेत. चाळीस. त्यावर कुणाचाही वाद नाही. मग पुन्हा चाळीस कशाला सिद्ध करायचे? भांडण दुसऱ्याच रकान्याशी आहे.

तो रकाना मला चांगला माहितीय. मी फौजेत क्लार्क होतो, आणि तुमच्या पेटीत निघालं तसलं पत्र मी स्वतः टाइप केलंय. एक नाही, मोजायचं सोडून दिलं इतकी. मजकूर तयार असायचा. नंबर, रँक, नाव, आजार आणि टक्के एवढंच बदलायचं. खाली साहेबांची सही, जावक क्रमांक, पाकीट. ते पाकीट कुठल्या घरात जाऊन कुठल्या पेटीच्या तळाला बसणार, हे टाइप करणाऱ्याच्या मनात येत नाही. माझ्या तरी आलं नव्हतं. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

फौजेच्या अपंगत्व पेन्शनला दोन दारं असतात. पहिलं, अपंगत्व २० टक्के किंवा जास्त असावं. ते दार तुम्ही ओलांडलंय. दुसरं, तो आजार किंवा ती इजा सैन्यसेवेमुळं झालेली असावी, नाहीतर सेवेमुळं वाढलेली असावी. दोन्हीपैकी एक पुरतं. तुमच्या पत्रात हे दुसरं दार एका ओळीत बंद केलेलं असणार: सेवेमुळं उद्भवला नाही, सेवेनं बळावलाही नाही. आणि कारण विचाराल तर, माझ्या पाहण्यात रक्तदाबाच्या दहातल्या आठ केसला एकच कारण असायचं: आजाराची सुरुवात पीस स्टेशनला झाली.

पीस स्टेशन म्हणजे जिथं युद्धाची किंवा बंडखोरीची परिस्थिती नाही ती छावणी. घर, शाळा, कॅन्टीन असलेली. जवान दोन-तीन वर्षं फील्डला काढतो आणि पीसला येतो. तिथं वार्षिक मेडिकल होतं, डॉक्टर पट्टा बांधून फुगवतो आणि पारा १५० च्या वर. झाली नोंद: सुरुवात अमुक महिन्यात, अमुक पीस स्टेशनला. आता रक्तदाब हा काही दार वाजवून येणारा पाहुणा नव्हे. तो कधी घरात शिरला ते ज्याचं त्याला कळत नाही. सापडतो तेव्हा सापडतो. शेतात विंचू चावला आणि ठणका घरी आल्यावर चढला, तर विंचू घरातला होता असं कुणी म्हणेल का? पण कागदावर म्हणतात.

न्यायालयांनी हे म्हणणं बऱ्याच वेळा खोडून काढलंय. जुलै २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं धरमवीर सिंग खटल्यात सांगितलं की भरती होताना ज्याच्या कागदावर कुठल्याही आजाराची नोंद नाही, तो धडधाकट होता असंच धरायचं. नंतर आजार निघाला तर तो सेवेशी संबंधित नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. आणि मेडिकल बोर्डानं 'नाही' म्हणायचं तर कारण लिहून म्हणायचं. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तर थेट पीस स्टेशनच्या मुद्द्यालाच हात घातला: आजार पीस स्टेशनला सापडला एवढं म्हणणं पुरेसं नाही, तो सेवेशी जोडलेला का नाही याचं कारण बोर्डानं द्यायला हवं. म्हणून मिस्टरांच्या बोर्डाच्या कागदात त्या रकान्यासमोर नेमकं काय लिहिलंय, हे मुलीकडून शब्द न् शब्द वाचून घ्या. कारण एका ओळीचं असेल किंवा नसेलच, तर केस तिथंच निम्मी उभी राहते.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर उद्या म्हणाल आधी बोलला नाहीत. हवालदारसाहेब २०१९ ला आले, म्हणजे त्यांना २००८ चे नियम लागतात. त्यात जवानाच्या बाजूचं ते गृहीतक जुन्या १९८२ च्या नियमांसारखं लिहिलेलं नाही, आणि सरकारी वकील हा मुद्दा हमखास काढतात. शिवाय बोर्डाच्या कागदावर वजन लिहिलेलं असतं, विडी-सिगारेट, दारू लिहिलेली असते. वजन हाताबाहेर असेल, नाहीतर डॉक्टरनं व्यसनाचं नाव घेऊन ठेवलं असेल, तर बीपीची केस अवघड जाते. आम्ही क्लार्क लोक कागद बघून सांगायचो, ही चालेल, ही लंगडेल. तुमचा कागद मी बघितलेला नाही, त्यामुळं नुसत्या बीपीवर छातीठोक सांगत नाही.

पण कमरेचं वेगळं आहे. पत्रात तुम्ही कंबर दोन ओळींत उरकलीत आणि बीपीला पान दिलंत. उलटं पाहिजे होतं. गस्तीवर पडणं म्हणजे ड्यूटीवर पडणं. तिथं पीस स्टेशनचा प्रश्नच येत नाही, आणि 'आजार केव्हा सुरू झाला' हाही प्रश्न येत नाही, कारण पडलेल्याला तारीख असते. तुमच्याकडं तर पंधरा दिवस बंद असलेल्या फोनचा हिशोबसुद्धा आहे.

जवान ड्यूटीवर जखमी झाला की युनिटनं इंजुरी रिपोर्ट भरायचा असतो. फॉर्मचा नंबर आयएएफवाय २००६. जुन्या क्लार्कला झोपेत विचारलात तरी सांगेल. त्यात इजा कशी झाली, ड्यूटीवर असताना झाली का, सेवेशी संबंधित का, यावर कमांडिंग ऑफिसरचं मत आणि सही असते. काही प्रकरणांत कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्कराची अंतर्गत चौकशी बसते. तो रिपोर्ट निघाला आणि त्यात सीओनं 'सेवेशी संबंधित' लिहिलेलं असेल, तर बोर्डाचं 'नाही' त्याच्यापुढं फार टिकत नाही. हे पडणं जाहीर झालेल्या ऑपरेशनमधलं असेल तर त्याचं प्रकरण वॉर इंजुरीत, म्हणजे युद्धातल्या इजेत बसतं का, हेही वकिलाला विचारून घ्या. २४ वर्षं पुरी करून घरी आलेल्या माणसाला तिथला दर साध्या अपंगत्वाच्या दुप्पट पडतो.

अडचण अशी की हा रिपोर्ट कित्येकदा भरलाच जात नाही. डोंगरात पोरगं घसरलं, दोन दिवस एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात झोपलं, मलम चोळलं, तिसऱ्या दिवशी पिट्टू पाठीवर. 'किरकोळ आहे साब' असं जवान स्वतःच म्हणतो, कारण लो मेडिकल झालं, म्हणजे तब्येतीची कॅटेगरी खाली आली, की प्रमोशन अडतं. दहा वर्षांनी कंबर बोलायला लागली की मग कागद शोधायचा. असं झालं असेल तर एमआय रूमची आणि हॉस्पिटलची नोंद, डिस्चार्ज स्लिप, त्या काळातली पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदींचा युनिटचा आदेश), नंतरचे कॅटेगरी ठरवणारे मेडिकल बोर्ड हे सगळं जोडून साखळी करावी लागते. आणि त्याच कंपनीतले, त्या दिवशी बरोबर असलेले दोघे-तिघे शोधा. गडहिंग्लज, चंदगड, आजरा भागात मराठा एलआयची माणसं सापडायला कितीसा वेळ लागतो! त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं तर कागदाची जागा घेत नाही, पण कागदाला हात देतं.

हे कागद मागायचे बेळगावहून, मराठा एलआयच्या रेकॉर्ड ऑफिसमधून. तुमच्याकडून फार लांब नाही, पण उठून जाऊ नका. गेटवर दिवस जातो आणि हातात काही पडत नाही. हवालदारसाहेबांच्या सहीचा अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा. आर्मी नंबर, रँक, नाव, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर वर लिहा, आणि मागा: भरतीच्या वेळचं मेडिकल, मधले सगळे कॅटेगरीचे बोर्ड, रिलीज मेडिकल बोर्डाची (निवृत्तीच्या वेळच्या तपासणीची) पूर्ण प्रत, इंजुरी रिपोर्ट किंवा कोर्ट ऑफ इन्क्वायरी असेल तर ती, आणि कुठं-कुठं पोस्टिंग झालं त्याचा शीट रोलमधला, म्हणजे सेवेच्या नोंदीतला उतारा. भरतीचं मेडिकल का? त्यात 'धडधाकट' लिहिलेलं असतं, आणि सगळी इमारत त्या एका शब्दावर उभी राहते. पोस्टिंगचा उतारा का? बीपी सापडायच्या आधीची दोन-तीन वर्षं माणूस कुठं होता ते त्यात दिसतं. साध्या अर्जाला उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. लष्कराला माहितीचा अधिकार लागूच नाही असं चावडीवर कुणी सांगेल, त्याचं ऐकू नका. स्वतःचे मेडिकलचे कागद मागायचा त्यांना हक्क आहे.

यात घाई एका कारणानं करा. २००८ च्या नियमांत एक कलम आहे. एरवी दावा करणाऱ्याला सिद्ध करा म्हणत नाहीत. पण सेवेतून बाहेर पडून १५ वर्षं झाल्यावर दावा केला आणि मधल्या काळात मुदत संपून त्याची कागदपत्रं नष्ट झालेली असतील, तर सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर येतं. तुमची सहाच झालीत. म्हणून कागद मागायचं काम याच महिन्यात.

अपिलाचे सहा महिने गेलेत, हे खरं. तरी पहिलं अपील करा. ते रेकॉर्डमार्फतच पहिल्या अपील समितीकडं जातं. सोबत विलंब माफीचा वेगळा अर्ज जोडा आणि त्यात कारण खरं लिहा. 'पत्र इंग्रजीत होतं, अपिलाची मुदत नीट कळली नाही, मनाला लागलं म्हणून पेटीत ठेवलं' हे कारण लाजिरवाणं नाही, आणि खोट्या आजारपणापेक्षा बरं. ते फेटाळलं तर दुसरं अपील, आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण, ज्याला आपले लोक एएफटी म्हणतात. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. अपिलाला सहा महिने उत्तरच आलं नाही, तरी न्यायाधिकरणात जाता येतं. कुणाच्या उत्तराची वर्षानुवर्षं वाट बघत बसायचं नाही.

इथं एक प्रश्न मला हल्ली रोज कुणीतरी विचारतं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात सीपीआरसमोर उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, मग मुंबईचा हेलपाटा कशाला? चाळीस-पन्नास वर्षं मागून मिळालेलं बेंच आहे, कोल्हापूरकरांना त्याचं कौतुक असणारच. पण फौजेतल्या पेन्शनचा दावा आधी न्यायाधिकरणातच लावावा लागतो. तिथला निकाल विरोधात गेला तर पुढं उच्च न्यायालयात दाद मागता येते, हे सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे बेंच तुमच्या कामाचं आहे, पण पहिल्या पायरीला नाही.

वकिलासाठी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं वीर परिवार सहायता योजना सुरू केली. सैनिक बोर्डांच्या कार्यालयात कायदेशीर मदतीची केंद्रं हा तिचाच भाग. खासगी वकील केलात तर फी आकड्यात ठरवा, लिहून घ्या, पावती घ्या. 'निकाल लागल्यावर थकबाकीतून' म्हणणारा वकीलही त्या गावच्या माणसाचाच भाऊ समजा.

आता पैशाचं. लोकांना वाटतं अपंगत्वाची पेन्शन मिळाली की पेन्शन दुप्पट. तसं नसतं. सर्व्हिस पेन्शन चालू आहे ती तशीच राहते, तिच्यावर अपंगत्वाचा भाग चढतो. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, बाकीचं त्या प्रमाणात. समजा शेवटचा पगार मिलिटरी सर्व्हिस पे धरून ४५,००० होता. त्याचे ३० टक्के म्हणजे १३,५००. चाळीस टक्के अपंगत्वाला ५,४०० होतात. पण इथं एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: ५० च्या आतलं अपंगत्व ५० धरायचं, असा नियम आहे. आधी तो आजारपणामुळं सेवेतून काढलेल्यांपुरता होता. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात सुप्रीम कोर्टानं तो सेवा पुरी करून घरी आलेल्यांनाही लागू केला. तसे धरले तर ६,७५० होतात, आणि त्यावर महागाई भत्ता. अर्जात ही ५० ची मागणी स्पष्ट लिहा. न लिहिलेलं आपणहून देणारं ऑफिस मी नोकरीत पाहिलं नाही, आणि मी स्वतः त्यातलाच होतो.

थकबाकीचं गणित मात्र मन घट्ट करून ऐका. २००८ च्या तरसेम सिंग निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की पेन्शनचा अन्याय दर महिन्याला नव्यानं होतो, त्यामुळं उशिरा आलेल्याचा दावा बुडत नाही, पण मागची थकबाकी साधारण दाव्याच्या आधीच्या ३ वर्षांपुरतीच मिळते. न्यायाधिकरणानं जास्त दिली तर अंबाबाईची कृपा. हिशोब ३ वर्षांचाच धरा. या घडीला दावा न लावता जाणारा प्रत्येक महिना मागच्या टोकानं गळतोय.

गार्डची नोकरी जात नाही. ही पेन्शन कमाईशी बांधलेली नाही. माणूस गार्ड आहे की शेती करतो हे कुणी विचारत नाही. आणि मंजूर झाली की नवा पीपीओ निघून स्पर्श या फौजी पेन्शनच्या ऑनलाइन व्यवस्थेमार्फत खात्यात पैसे जमा होतात. स्पर्श उघडलंतच तर तुमचं नाव आणि जन्मतारीख त्यात बरोबर आहे का तेही बघून घ्या. या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही, पण नावातल्या एका अक्षरापायी कुटुंब पेन्शनला फेऱ्या मारणाऱ्या बायका मी फार बघितल्यात.

राहिले हवालदारसाहेब.

'भीक' हा शब्द त्यांनी उगाच काढला नाही. आपल्याकडं सैनिक टाकळीसारखं गाव आहे, नावातच फौज. अशा जिल्ह्यात गणवेश उतरवलेला माणूस रांगेत उभा राहून अर्ज करतोय हे चित्रच बघवत नाही लोकांना. त्यांना सांगा, हा शब्द सुप्रीम कोर्टापुढं चाळीसहून जास्त वर्षांपूर्वीच येऊन गेलाय. १७ डिसेंबर १९८२, डी. एस. नकारा खटला. निकाल असा की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी किंवा बक्षिसी नाही. केलेल्या सेवेचा तो हक्क आहे. म्हणून पेन्शनर लोक १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन पाळतात.

पण मला वाटतं 'भीक' हे वरचं कारण. आतलं कारण वेगळं असावं, आणि ते तुमच्यापुढं ते बोलणार नाहीत. बराकीत एक चेष्टा चालते: पेन्शन जवळ आली की बीपी आपोआप वाढतं. शेवटच्या वर्षात धावपळ करून कॅटेगरी लावून घेणारे असतात, खोटं कशाला बोलू, मी त्यांचेही कागद टाइप केलेत. २४ वर्षं सचोटीनं केलेल्या माणसाला आपलं नाव त्या यादीत नको असतं. त्यातच बोर्डानं 'सेवेशी संबंध नाही' लिहून दिलं, म्हणजे त्यांच्या कानाला ते 'तू नाटक करतोस' असंच ऐकू आलं असणार. त्या पत्रात तसं कुठंही लिहिलेलं नाही. त्यात ४० टक्के मान्य केलेत, म्हणजे दुखणं खरं आहे हे लष्कराच्या डॉक्टरनंच सही करून दिलंय. हे वाक्य त्यांना मुलीकडून मराठीत वाचून दाखवा. शक्य आहे की सहा वर्षांत त्यांनी ते पत्र दुसऱ्यांदा उघडलेलंच नाही.

आणि 'अपंग' हा शब्द बोचत असेल तर तोही सरकारला बोचला असावा. २१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवा पुरी करून येणाऱ्यांसाठी त्याचं नाव 'इम्पेअरमेंट रिलीफ' झालंय. नियमही बदललेत. हवालदारसाहेबांना जुनाच शब्द आणि जुनेच नियम लागू, आणि त्यांच्यासाठी ते बरंच आहे.

अर्जाचा विषय तुम्ही काढू नका. त्यांच्या कंपनीतले एखादे सुभेदारसाहेब जवळपास असतील तर त्यांना जेवायला बोलवा. फौजी माणूस बायकोचं ऐकत नाही, सीनियरचं ऐकतो. माझी बायको हे वाचून हसेल, हसू दे. आणि जेवणं झाल्यावर हवालदारसाहेबांना 'पेन्शनचं काय करायचं' असं कुणी विचारायचं नाही. विचारायचं, 'त्या दिवशी तुम्ही कुठं पडलात?' एवढंच. मग ते बोलतील. कुठली पोस्ट, कुठला नाला, पुढं कोण होता, कुणी उचललं, कुठल्या एमआय रूमला नेलं. मुलीला वही घेऊन बाजूला बसवा, तारखा आणि नावं लिहून घेऊ दे. ते पान म्हणजे अपिलाचा पहिला मसुदा आहे. आमच्यासारख्या क्लार्कला असलं पान कुणी आणून दिलं असतं तर निम्मं काम वाचलं असतं.

रेकॉर्डला पाठवायच्या अर्जावर सही त्याच रात्री मागू नका, दोन दिवस जाऊ द्या. सही झाली की गडहिंग्लजच्या पोस्टातून स्पीड पोस्ट करा, आणि पावती पेटीत ठेवा. त्याच काळ्या पेटीत चालेल, फक्त तळाला नको, वर ठेवा.